हिरवळीचा मांसाहार

काचेच्या पेटीत मासे पाळण्याच्या छंदाची परमावस्था अशी की तीत मासे दुय्यम ठरतात आणि पेटीचा मालक तासन्‌तास गवताकडे पाहत बसतो. ज्या पेटीत माशांपेक्षा वनस्पतींना अधिक मान असतो तिला या क्षेत्रात ‘प्लांटेड टँक’ म्हणतात, तिची मांडणी करण्याच्या विद्येला ‘अ‍ॅक्वास्केपिंग’ म्हणतात, आणि पुढच्या काचेलगत मातीसरशी पसरणारी जी बुटकी वनस्पती लावतात तिला अग्रभागाची वनस्पती किंवा, दुकानदाराच्या भाषेत, ‘कार्पेट प्लांट’ म्हणतात. टँकची सारी प्रतिष्ठा या कार्पेटवर अवलंबून असते, कारण मागच्या बाजूची उंच झाडे कोणालाही वाढवता येतात अशी या क्षेत्रातील ठाम समजूत असून, पुढची हिरवळ ज्याला साधली त्यालाच जाणकार म्हणण्याची रीत आहे. या हिरवळीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोजक्या वनस्पतींपैकी एक चक्क मांसाहारी आहे, ही वार्ता छंदिष्टांमध्ये पसरल्यापासून मात्र साध्या हिरवळीवर अनेकांचे समाधान होईनासे झाले.

या वनस्पतीचे पूर्ण नाव युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया असे आहे; परंतु ते पुरते उच्चारेपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलेले असल्याने व्यवहारात ती ‘यूजी’ या दोन अक्षरांवर चालते. मार्टिन व्हाल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये तिचे नामकरण केले, आणि भारत, श्रीलंका, म्यानमार, थायलंड व चीन या देशांतील पाणथळ, ओलसर जागा हे तिचे माहेर. युट्रिक्युलेरिया ही सुमारे २४० जातींची मोठी प्रजाती असून तिच्यातील एकीलाही मुळे नाहीत. खोड कोठे संपते आणि पान कोठे सुरू होते याविषयीही तिच्या अभ्यासकांत पूर्वापार वाद आहेत, त्यामुळे शाळेत मूळ, खोड आणि पान अशा तीन रकान्यांत झाड बसवून पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या गृहस्थाला ही वनस्पती हाती घेतल्यावर प्रथम आपल्या जुन्या गुणपत्रिकेविषयी शंका येऊ लागते. वरून पाहिले तर मात्र ती निव्वळ कोवळे, पोपटी गवत दिसते, आणि हा निरुपद्रवी चेहराच तिच्या विक्रीचे अर्धे भांडवल आहे.

उरलेले अर्धे भांडवल मातीखाली असते. टँकची माती जेथे पुढच्या काचेला टेकते तेथे दहापट मोठे दाखवणारे भिंग लावून पाहिल्यास पांढुरक्या, बारीक धाग्यांवर ठिकठिकाणी लटकलेले फुगे दिसतात. ते जवळजवळ पारदर्शक असतात, टाचणीच्या डोक्याहून लहान असतात, आणि नीट पाहिले तर काहींचे गाल आत गेलेले व काहींचे फुगलेले असतात. हेच या वनस्पतीचे सापळे. फुग्याच्या भिंतीतील ग्रंथी आतले पाणी सतत बाहेर टाकत राहतात, त्यामुळे आत दाब कमी होऊन भिंती चेपल्या जातात आणि तोंडाशी असलेली झडप घट्ट मिटून राहते. गाल आत गेलेला फुगा म्हणजे सज्ज सापळा. एखादा सूक्ष्म जीव दारापाशी घुटमळताना झडपेवरच्या केसाला लागला की झडप आत वाकते, पाण्याचा लोंढा जीवासकट आत शिरतो आणि दार पुन्हा बंद होते. यांतील आत ओढण्याचा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो. फ्रान्समधील संशोधकांनी या प्रजातीच्या पाण्यात राहणाऱ्या जातींचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सहाशे पटींपर्यंत जाते. एवढी प्रचंड यंत्रणा ज्या मेजवानीसाठी उभी केलेली असते ती म्हणजे एखादा पॅरामिशियम, म्हणजे डबक्याच्या पाण्यात आढळणारा एकपेशीय जीव, किंवा फार तर एखादा गोलकृमी. आणि तेवढे गिळून झाल्यावर फुग्याला पाणी बाहेर टाकून पुन्हा सज्ज व्हायला बहुधा अर्धा तास तरी लागतो. आणखी गमतीची गोष्ट अशी की कोणीही दाराला शिवले नसतानादेखील हे सापळे अधूनमधून आपोआपच सुटतात आणि केवळ पाणी गिळून बसतात.

या सापळ्याने चार्ल्स डार्विनलाही चकवले होते, ही गोष्ट यूजी मेलेल्या छंदिष्टांच्या कानी अवश्य घातली पाहिजे. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथात डार्विनने युट्रिक्युलेरियाचा सविस्तर विचार केला असून, प्राणी आपले डोके पाचरीप्रमाणे झडपेत घुसवून स्वतःहून आत शिरतात असा निष्कर्ष काढला आहे. म्हणजे चोर पकडला गेला नसून तोच कोठडीचे दार ढकलून आत बसला, असा हा निवाडा. झडपेला स्पर्श करून ती हलते का, हे त्याने तपासले आणि ती हलत नाही असे नोंदवले. यावर न थांबता त्याने भाजलेल्या मांसाचे अतिसूक्ष्म कण, अंड्यातील पांढऱ्याचे तुकडे आणि कूर्चेचे तुकडे या फुग्यांच्या तोंडातून आत ढकलून त्यांचे पचन होते का याची वाट पाहिली, आणि काही दिवसांनी ते तुकडे जवळपास जसेच्या तसे निघाल्यावर ही वनस्पती पचन करत नसून कुजलेल्या द्रव्याचे शोषण करत असावी, असे मत दिले. त्याच काळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातून मेरी ट्रीट या अभ्यासक बाई याच फुग्यांचे निरीक्षण करून डार्विनशी पत्रव्यवहार करत होत्या. एवढ्या मोठ्या माणसाने भाजलेले मांस वाढूनही जी वनस्पती प्रसन्न झाली नाही, तिला टँकमालकाने पिपेटने माशांचे खाद्य भरवण्याचा प्रयत्न करावा यात उत्साह असला तरी अभ्यास नाही.

टँकमालकाचे पहिले दुःख नेमके येथेच सुरू होते. घरात मांसाहारी वनस्पती आहे हे कळल्यावर पाहुण्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती तिची शिकार डोळ्यांनी दिसत नाही हे कळल्यावर तत्काळ विझते. ‘मासे खाते का हो?’ या प्रश्नाला ‘नाही’, ‘मग कोळंबी?’ याला ‘नाही’ आणि ‘निदान डास तरी?’ यालाही ‘मातीखाली डास कुठून येणार?’ असे उत्तर देताना यजमानाचा आवाज दर वेळी थोडा थोडा खाली जातो. त्यातून पाहुण्यांबरोबर आलेले लहान मूल ‘काका, बोट घातलं तर चावेल का?’ असे आशेने विचारते आणि काकांना तेथेही ‘नाही रे बाळा’ म्हणावे लागते. टँकमध्ये शोभेची कोळंबी पाळणाऱ्यांना तिची पिल्ले हे गवत गट्ट करील अशी धास्ती असते, परंतु नुकतेच जन्मलेले पिल्लूही फुग्याच्या तोंडात मावण्याजोगे नसते, आणि प्रत्यक्षात हीच पिल्ले या मांसाहारी गवतावर दिवसभर निर्धास्त चरत असतात.

मांसाहाराचा हा लौकिक आणखी एका बाजूने डळमळीत आहे. पाण्यातील युट्रिक्युलेरियाच्या फुग्यांत काय काय सापडते हे पाहणाऱ्या अभ्यासकांना त्यांत सूक्ष्म प्राण्यांबरोबर शैवालाच्या पेशी आणि झाडांचे परागकणही मोठ्या प्रमाणात आढळले असून, या शाकाहारी घासांचाही वनस्पतीला उपयोग होतो असे दिसून आले आहे. म्हणजे ताट पाहिले तर ही मंडळी मिश्राहारी. त्यातच सातारच्या कास पठारावर आणि कोकण-गोव्याच्या सड्यांवर या प्रजातीला फुलांचा बहर येतो तो श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, म्हणजे ज्या दिवसांत असंख्य मराठी घरांतून मटण-मासळी हद्दपार झालेली असते, त्याच दिवसांत मातीखाली बिनबोभाट शिकार चालू ठेवून मातीवर निळ्या-जांभळ्या फुलांची सात्त्विक आरास मांडण्याचे कसब या वनस्पतीला साधलेले आहे. कासच्या पठारावर ती ‘सीतेची आसवे’ या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यासमोर उभे राहून फोटो काढून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या चपलेखाली काय चालले आहे याची गंधवार्ताही नसते.

काचेच्या पेटीत हिरवळीला हे स्थान मिळवून दिले ते प्रामुख्याने ताकाशी अमानो या जपानी गृहस्थाने. अमानो (१९५४–२०१५) हे आधी व्यावसायिक सायकलपटू आणि नंतर निसर्गछायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यांनी निइगाता येथे जलोद्यानाचे साहित्य विकणारी संस्था काढली आणि पेटीच्या आत निसर्गदृश्य रचण्याची शैली जगभर नेली. त्यातील ‘इवागुमी’ या प्रकारात विषम संख्येने दगड मांडतात, त्यांतील सर्वांत मोठ्याला ओयाइशी, म्हणजे मुख्य दगड, मानतात, आणि बाकीची सारी जमीन एकाच बुटक्या वनस्पतीने झाकतात. ऐकायला यापेक्षा सोपे काही नाही, आणि म्हणूनच मराठी मध्यमवर्गीय माणूस ‘तीन दगड आणि गवत, त्यात काय एवढं!’ असे म्हणत या वाटेला लागतो.

या वाटेवरील पुढचा सारा प्रवास खर्चाचा आहे. यूजी प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या इवल्या तुकड्यापासून निर्जंतुक वातावरणात रोपे वाढवण्याच्या पद्धतीने, तयार केली जाते आणि प्लॅस्टिकच्या लहानशा डबीत, जेलीवर बसवलेली अशी मिळते. डबीसाठी काही शे रुपये मोजावे लागतात. जेली धुवून, रोपांचे नखाएवढे पुंजके करून, ते लांब चिमट्याने मातीत एकेक खोवायचे असतात, आणि मूळच नसल्यामुळे त्यांतील निम्मे पुंजके चिमटा वर काढताक्षणी त्याच्यामागोमाग पाण्यावर येतात. यावर उपाय म्हणून ‘ड्राय स्टार्ट’ नावाची पद्धत आहे: टँकमध्ये पाणी न भरता माती फक्त ओली ठेवायची, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवायचे आणि हिरवळ पसरेपर्यंत काही आठवडे थांबायचे. या काळात घरात मासे नसलेली, पाणी नसलेली, प्लॅस्टिकने झाकलेली आणि दिवसाचे आठ-दहा तास झगझगीत दिव्याखाली ठेवलेली एक चिखलाची पेटी असते, आणि तिच्यावर झालेल्या खर्चाचा हिशेब घरच्यांना कसा द्यावा याविषयी कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात प्रकरण नाही.

पाणी भरल्यानंतर जे घडते त्याला या क्षेत्रात ‘मेल्ट होणे’ म्हणतात. काल हिरवीगार असलेली यूजी आज कडेने पिवळी पडते, उद्या काचेसारखी पारदर्शक होते आणि परवा फिल्टरमध्ये सापडते. अशा वेळी जाणकार मंडळी आणखी खत, आणखी प्रकाश आणि आणखी कार्बन डायऑक्साइड असा उतारा सुचवतात; कार्बन डायऑक्साइड, म्हणजे बोलीत ‘सीओटू’, त्यासाठी लोखंडी सिलिंडर, त्यावर दाब नियंत्रित करणारे रेग्युलेटर आणि सेकंदाला किती बुडबुडे जातात ते मोजणारी काचेची नळी अशी सामग्री लागते. खतांचे तर स्वतंत्र संप्रदाय आहेत. अमेरिकेतील टॉम बार यांनी रूढ केलेल्या ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ या पद्धतीत नायट्रेट, फॉस्फेट, पोटॅश व सूक्ष्मद्रव्ये गरजेपेक्षा जास्तच घालायची आणि दर आठवड्याला निम्मे पाणी बदलून उरलेसुरले काढून टाकायचे असा नेम असतो. इतर वनस्पतींना हे मानवते. कधी कधी यूजीलाही मानवते, आणि तेवढ्या एका उदाहरणाच्या बळावर दहा जण आपापली यूजी मारतात.

वास्तविक या वनस्पतीने मांसाहार पत्करला तो दारिद्र्यामुळे. जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, पावसाच्या माऱ्याने त्यातील क्षार धुऊन जातात, आणि नत्र व स्फुरद या दोन्हींची तेथे कायमची टंचाई असते; अशा ठिकाणी जे मातीत मिळत नाही ते किड्यामुंग्यांच्या अंगातून मिळवणाऱ्या वनस्पती तगून राहिल्या. पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरणारी ‘दवबिंदू’ ही वनस्पतीही याच कारणाने याच पठारांवर आढळते. त्यांना हवे असते ते मऊ, किंचित आम्लधर्मी आणि जवळपास काहीही विरघळलेले नसलेले पाणी. टँकसाठी बनवलेली पोषक माती मात्र पहिले काही आठवडे अमोनिया सोडत असते, दख्खनच्या पठारावरील बोअरवेलचे पाणी क्षारांनी जड असते, आणि त्यावर मालक रोज सकाळी मापाच्या पेल्याने खत ओतत असतो. सुबत्तेचा हा वर्षाव सोसून यूजी तगलीच, तरी दुसरी पंचाईत उभी राहते. फुगे तयार करायला वनस्पतीला बराच खर्च पडतो, त्यामुळे पाण्यातच पोषण मिळू लागले की युट्रिक्युलेरिया फुग्यांची संख्या कमी करते, असे तिच्या जलवासी जातींवरील प्रयोगांत आढळले आहे. अर्थात टँकमालक जितका दानशूर, तितकी त्याची मांसाहारी वनस्पती शाकाहारी. आणि ज्या वैशिष्ट्यासाठी पैसे मोजले ते खतासाठी आणखी पैसे मोजून घालवायचे, हा व्यवहार मराठी माणसाच्या हिशेबी स्वभावाला शोभणारा नाही.

हे सारे चालू असताना त्याच टँकमध्ये, कोणाचेही लक्ष नसताना, यूजीची एक सख्खी बहीण दाखल झालेली असते. युट्रिक्युलेरिया गिब्बा ही केसाएवढ्या बारीक धाग्यांची पाणवनस्पती दुकानातून आणलेल्या शेवाळाच्या जुडीत लपून फुकटात येते. तिला ना खास माती लागते, ना सीओटू, ना चिमट्याने खोवणे. ती शेवाळात शिरते, शेवाळातून हिरवळीत शिरते, आणि तिचा हातभर धागा उपटून काढला तरी मागे राहिलेल्या बोटभर तुकड्यातून पुन्हा उभी राहते. तिचे फुगे यूजीच्या फुग्यांहून मोठे असून नुसत्या डोळ्यांना दिसतात, त्यांत पकडलेले सायक्लॉप्ससारखे बारीक जलजीव काळ्या ठिपक्यांच्या रूपाने ओळखता येतात, आणि पृष्ठभागापर्यंत पोहोचली तर ती पिवळी सुंदर फुलेही देते. पाहुण्यांना दाखवण्याजोगा मांसाहार शोधणाऱ्या मालकाला आणखी काय हवे? तरीही हा मालक रात्री जेवण झाल्यावर चष्मा सरसावून, चिमटा घेऊन, तिचा धागा धागा वेचून कचऱ्याच्या बादलीत टाकत बसलेला आढळतो, कारण ती विकत घेतलेली नसते.

गिब्बाविषयी विज्ञानाला वाटणारा आदर मात्र छंदिष्टांच्या तिरस्काराएवढाच मोठा आहे. २०१३ मध्ये तिचा संपूर्ण जनुकसंच, म्हणजे पेशीतील आनुवंशिक माहितीचा सगळा मजकूर, वाचून प्रसिद्ध करण्यात आला, तेव्हा तो अवघा सुमारे आठ कोटी वीस लाख अक्षरांचा निघाला. माणसाचा हाच मजकूर सुमारे तीनशे कोटी अक्षरांचा आहे. तरीही तिच्यातील जनुकांची संख्या सुमारे २८,५०० आहे, म्हणजे ती काही कमी शिकलेली नाही. फरक आहे तो पसाऱ्यात: बहुतेक सजीव आपल्या जनुकसंचात निरुपयोगी वाटणारा मजकूर माळ्यावरच्या अडगळीसारखा पिढ्यान्‌पिढ्या साठवत आले आहेत, आणि गिब्बाने तो जवळजवळ सगळा काढून टाकून अवघा तीन टक्क्यांच्या आसपास शिल्लक ठेवला आहे. एवढी आटोपशीर राहणी असलेल्या वनस्पतीला सिलिंडर, रेग्युलेटर, तीन प्रकारच्या बाटल्या आणि दोन चिमटे बाळगणाऱ्या माणसाकडून बादलीत जावे लागते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण ज्यांना या संदर्भात आठवेल, त्यांना एक सूचना देणे आवश्यक आहे. सह्याद्रीत ही प्रजाती आपोआप उगवते म्हणून पावसाळी सहलीत कास पठारावरून किंवा कोकणातल्या एखाद्या सड्यावरून ढेकळासकट चार पुंजके पिशवीत घालून आणण्याचा मोह काहींना होतो. कास पठार हे २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे आणि तेथून काहीही उपटणे गैर आहे, हे तर झालेच. परंतु सड्यावरील या वनस्पती बहुतांशी पावसाबरोबर उगवून पावसाबरोबर संपणाऱ्या असल्याने पेटीत त्या तशाही जगत नाहीत. ज्यांना मांसाहारी हिरवळ पाहिजेच असेल त्यांनी प्रयोगशाळेतील रोपांची डबी विकत घ्यावी, पाणी मऊ ठेवावे, नवी माती असल्यास तिचा अमोनिया ओसरेपर्यंत धीर धरावा, आणि खताची बाटली शक्यतो अशा फळीवर ठेवावी जेथे हात सहज पोहोचत नाही.